गंजगोलाईतून घेतलेली इरकल : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आठ दिवस आधी लातूरच्या गंजगोलाईत मी एक इरकल साडी घेतली. सहावारी, अंग सुती, पदर रेशमी, रंग गडद हिरवा, काठ तांबडा आणि किंमत २,८५० रुपये. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत ती मी शाळेत, बँकेत, बाजारात, एसटीच्या प्रवासात आणि दोन बारशांना नेसले. कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवायच्या साड्यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. मी येथे नेहमीच्या वापरातल्या साडीबद्दल लिहीत आहे, कारण नोकरी करणाऱ्या बाईचा पैसा आणि सकाळची धांदल या दोन्हींशी खरा संबंध तिचाच येतो. आठवड्यातून एकदा धरली तरी ही साडी पन्नासहून अधिक वेळा नेसून झाली आहे आणि वीस-बावीस वेळा घरी हाताने धुऊन झाली आहे. एवढ्या वापरानंतर तिच्याबद्दल ठामपणे बोलायला हरकत नाही.

माझे मत आधीच सांगते. दोन-तीन हजारांच्या आत मी आजवर घेतलेल्या साड्यांमध्ये ही सर्वांत चांगली ठरली. तिच्यात उणिवा आहेत, त्या पुढे सांगेनच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, इरकल म्हणून आज बाजारात जे विकले जाते त्यातला मोठा भाग इरकल नव्हेच, आणि तो ओळखण्याची खूण इतकी सोपी आहे की दुकानात उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात तपासता येते. ती खूण मला ठाऊक नव्हती म्हणून मी एकदा फसले. या परीक्षणाचे खरे कारण तेच आहे.

इरकल ही मूळची कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची. आपल्या बोलीत गावाच्या नावातला ल जाऊन र आला आणि तेच साडीचे नाव झाले. मराठवाड्याला ती परकी कधीच वाटली नाही. १९५६ पर्यंत आपण, बिदर, गुलबर्गा आणि रायचूर एकाच हैदराबाद राज्यात होतो, इलकल त्याला लागूनच तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यात होते, आणि सोयरिकी, जत्रा, बैलबाजार यांच्या वाटांनी ही लुगडी निलंगा, औसा, उदगीर, उमरगा या भागांत घरोघर पोहोचली. माझ्या आजोळी शेतात जाणारी बाईही इरकलच नेसे आणि लग्नात विहिणीच्या मानाला ठेवलेले लुगडेही इरकलच असे. फरक असायचा तो सुताच्या पोतात आणि पदराच्या रेशमात. माझी आई आजही नऊवारी इरकल नेसते, त्यामुळे घरात जाणकार होती. फसण्याच्या दिवशी मात्र मी तिला सोबत नेले नव्हते.

ती पहिली खरेदी तीन वर्षांपूर्वीची. दुकानाचे नाव मी घेणार नाही. नवा, वातानुकूलित, काचेच्या दरवाजाचा तो कापडाचा मजला होता. तेथील मुलीने १,९०० रुपयांची जांभळी साडी दाखवून ती हातमागाची अस्सल इरकल असल्याचे सांगितले. साडीला चमक होती, वजनही हलके होते आणि मला शाळेत स्नेहसंमेलनासाठी साडी हवीच होती. मी घेतली. पहिल्याच धुण्यात काठाचा लाल रंग जांभळ्या अंगावर उतरला आणि निऱ्यांच्या भागात गुलाबी ढगांसारखे डाग पसरले. वाळल्यावर पाहते तो पदराच्या कडेने साडी आखडली होती. आई तेव्हा घरी आलेली होती. तिने डागांकडे पाहिलेही नाही. तिने पदर उलटा केला, अंगठ्याने आडवी रेघ चाचपली आणि म्हणाली, “अगं, हिला टोपच नाही. ही कुटली इरकल?”

टोप म्हणजे काय, हे मी त्या दिवशी नीट समजून घेतले. साध्या साडीत एकच ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा एकच संच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि पदर त्याच ताण्यावर वेगळ्या रंगाचा आडवा धागा भरून विणला जातो. इरकलीत तसे नसते. अंगाचा ताणा सुती आणि अंगाच्या रंगाचा असतो, तर पदराचा ताणा रेशमाचा आणि लाल असतो. विणकर हे दोन ताणे मागावर एकमेकांना जोडतो तेव्हा एका ताण्याच्या धाग्यांचे फासे दुसऱ्याच्या फाशांत अडकवलेले असतात. या जोडाने विणलेल्या पदराला आपल्याकडे टोपपदर म्हणतात. जोड प्रत्येक साडीला स्वतंत्र करावा लागतो, म्हणूनच अशा साडीचा ताणा ठरावीक साड्यांपुरता बेतून मागावर चढवतात आणि शेकडो वार कापड एका दमात विणून ते मधूनमधून कापून साड्या काढणे तिथे चालत नाही.

या जोडामुळे पदराला जो रंग येतो तो दुसऱ्या कोणत्याही युक्तीने येत नाही. पदरात उभा धागाही लाल आणि आडवाही लाल, त्यामुळे तो तांबडा भडक आणि भरीव दिसतो. एकाच ताण्याच्या नकली साडीत मात्र अंगाचा हिरवा किंवा जांभळा उभा धागा पदरातही पुढे चालू राहतो आणि त्यावर लाल आडवा धागा पडतो, म्हणून पदर जवळून पाहिला की विटकरी, किंचित मळकट दिसतो. माझ्या जांभळ्या साडीचा पदर तसाच होता. विकत घेताना मी त्याला वेगळीच छटा म्हणून पसंत केले होते.

आता तपासणी कशी करावी ते सांगते. साडी पूर्ण उलगडायला लावावी. अंग आणि पदर जिथे भेटतात ती जागा उजेडाकडे धरावी. अस्सल टोपपदरात तेथे काठापासून काठापर्यंत एक सरळ, बारीक, किंचित खडबडीत रेघ असते, बोट फिरवले तर दाण्यांची ओळ हाताला लागते, आणि उलट्या बाजूने पाहिले तर अंगाच्या रंगाचे उभे धागे त्या रेघेपाशीच संपलेले स्पष्ट दिसतात. मग पदराचे टोक पाहावे. पदराच्या दशा लाल असायला हव्यात. दशा अंगाच्या रंगाच्या असतील तर उभा धागा एकच आहे, आणि मग पुढे काही विचारायची गरज उरत नाही. पदरावर सहसा तीन भरीव लाल पट्टे आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या नक्षीचे दोन पट्टे असतात. त्या पांढऱ्या नक्षीत फणीचे दाते, किल्ल्याचा तट, डोंगरांची रांग आणि ज्वारी अशी रूपे विणकर काढत आले आहेत. आपल्या भागातल्या बायकांना ज्वारीचा पदर आपलासा वाटला तर त्यात नवल नाही.

काठाच्या नक्षीलाही नावे आहेत. गोमीच्या पायांसारख्या बारीक रेघांचा तो गोमी काठ, आणि दुसरा पारस, त्यात पुन्हा लहान नक्षीचा चिक्की पारस व मोठ्या नक्षीचा दोड्ड पारस. माझ्या साडीचा काठ गोमी आहे. तो अडीच बोटे रुंद असून शाळेत नेसायला पुरेसा साधा आहे.

जांभळ्या साडीचे पुढे काय झाले तेही सांगते. मी ती घेऊन त्या दुकानात गेले. त्यांनी भिंतीवरची “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी दाखवली. बिल मागितले होते का, असे मलाच विचारले. मी मागितले नव्हते. हातात होती ती किमतीची नुसती चिठ्ठी. त्यानंतर मी कायद्यात काय आहे ते शोधून वाचले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार वस्तूचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे. म्हणजे भिंतीवर पाटी लावल्याने सदोष मालाची जबाबदारी संपत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. मला हे कळले तेव्हा महिना उलटून गेला होता आणि बिलही नव्हते. तेव्हापासून मी शंभर रुपयांच्या ब्लाउजपीसचेही बिल घेते.

यंत्रमागाची साडी घेण्यात काहीही कमीपणा नाही, हे मी आवर्जून लिहिते. सातशे-आठशे रुपयांत इरकलीसारखा काठ आणि लाल पदर मिळत असेल आणि विकणारा स्वच्छ शब्दांत “ही यंत्रमागाची, आर्ट सिल्कची आहे” असे सांगत असेल, तर ती खरेदी उत्तम आहे. माझ्या शाळेतल्या दोन सहकारी बाई अशाच साड्या नेसतात आणि त्या समाधानी आहेत. माझी तक्रार आहे ती हातमागाचे नाव आणि हातमागाचा भाव लावून यंत्रमागाचा माल देण्याबद्दल. इलकल साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून केंद्र सरकारचे हातमाग चिन्ह आहे, आणि शुद्ध रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्क आहे. दुकानात ही लेबले मागावीत. प्रत्येक खऱ्या विणकराच्या साडीवर ती असतीलच असे नाही, परंतु आपण मागितली की विकणाऱ्याची भाषा लगेच जपून होते, एवढा अनुभव मला आहे.

आता गंजगोलाईच्या दुकानाकडे वळते. लातूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर गंजगोलाई ही १९१७ सालची गोलाकार बाजारपेठ. मधोमध देवीचे मंदिर आहे, भोवती बांधणी आहे आणि तेथून सोळा रस्ते फुटतात. एका रस्त्याला सोने, एका रस्त्याला धान्य, एका रस्त्याला कापड अशी त्यांची जुनी वाटणी लातूरकरांच्या बोलण्यात अजून टिकून आहे. मी गेले ते दुकान जुन्या पद्धतीचे आहे. जमिनीवर गादी, गादीवर पांढरी चादर, आणि चपला बाहेर काढून आत जायचे. या खेपेला आई सोबत होती.

दुकानाच्या काकांनी आम्हांला पाणी दिले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : “मावशी, टोपाची दाखवू का साधी?” एवढ्या एका प्रश्नाने माझा निम्मा निर्णय झाला होता. त्यांनी दोन वेगळ्या कपाटांतून साड्या काढल्या, यंत्रमागाच्या डावीकडे आणि हातमागाच्या उजवीकडे ठेवल्या, आणि दोन्हींचे भाव न विचारता सांगितले. आईने नेहमीप्रमाणे काठ, रंग, नक्षी काही न पाहता प्रत्येक पदर आधी उलटा केला. सहा साड्यांपैकी एकीचा जोड तिला पसंत पडला नाही, कारण मधे चार-पाच धागे सुटलेले होते. काकांनी वाद न घालता ती बाजूला काढली आणि विणकराकडे परत पाठवायच्या गठ्ठ्यात ठेवली. रंग पाहण्यासाठी साडी बाहेर उन्हात न्यायला त्यांनी स्वतःच सुचवले, कारण ट्यूबलाइटखाली हिरवा आणि मोरपंखी यांतला फरक कळत नाही. बिलावर “हातमाग, अंग सुती, पदर रेशीम” असे शब्द मी सांगितल्याबरोबर लिहून मिळाले. पैसे मोबाइलवरून दिले.

या दुकानाच्या सेवेत मला खटकल्या त्या तीन गोष्टी. रंग फार थोडे होते. हिरवा, तांबडा, काळा आणि एक निळा, एवढ्यावरच थांबावे लागले. हलक्या, फिकट रंगांत साडी हवी असेल तर तेथे जाऊन उपयोग नाही. दुसरे म्हणजे आरसा एकच आणि तोही खांबावर उंच लावलेला, त्यात पदर खांद्यावर टाकून पाहिला तर जेमतेम गळ्यापर्यंत दिसते. तिसरे गर्दीचे. रविवारी आणि सणाच्या आठवड्यात तेथे गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या आत जावे.

साडी घरी आणल्यावर मी तिला लगेच फॉल लावला नाही, आणि प्रत्येकीला मी हेच सांगेन. नव्या सुती साडीत खळ असते आणि पहिल्या पाण्यात सुती कापड थोडे आटते. फॉलचे कापडही आटते, आणि दोघांचे आटणे सारखे नसते. न धुतलेला फॉल न धुतलेल्या साडीला लावला की पहिल्या धुण्यानंतर काठाला चुण्या पडतात आणि निऱ्या खाली सरळ पडत नाहीत. म्हणून साडी आणि फॉल दोन्ही आधी पाण्यातून काढून, सावलीत वाळवून, मग फॉल-पिकोला द्यावेत. धुण्यापूर्वी मी मापही घेतले होते. लांबी साडेपाच मीटर भरली, पन्हा ४६ इंच. पहिल्या पाण्यानंतर पन्हा पाऊण इंचाने कमी झाला. माझी उंची पाच फूट एक इंच असल्याने मला त्याचा त्रास नाही, परंतु उंच बाईने दुकानातच टेप लावून पाहावे, कारण जुन्या पद्धतीच्या मागांवरचा पन्हा कधी कधी अपुरा पडतो.

रंगाची परीक्षाही त्याच वेळी केली. पांढरा रुमाल ओला करून काठावर, पदरावर आणि अंगावर दहा-दहा वेळा घासला. अंगाचा रंग मुळीच आला नाही, पदराचा अगदी फिकट आला, काठाचा मात्र स्पष्ट गुलाबी आला. त्यामुळे पहिली तीन धुणी मी थंड पाण्यात, पाच मिनिटांच्या आत, काठ वेगळा हातात धरून केली. चौथ्या धुण्यापासून पाणी नितळ राहिले. रंग पक्का व्हावा म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवण्याची रीत घराघरांत आहे. मी एका काठाच्या तुकड्यावर ती करून पाहिली आणि मला फरक दिसला नाही. थंड पाणी, कमी वेळ आणि सावली यांचाच उपयोग झाला.

रंग जाणाऱ्या साडीचा आणखी एक खर्च असतो, तो लातूरकर बाईला वेगळा सांगावा लागत नाही. अशा साडीला स्वतंत्र बादली लागते, स्वतंत्र खळबळणे लागते. ज्या शहरात २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि जिथे नळाचे पाणी दिवस मोजून येते, तिथे प्रत्येक धुण्याला दोन बादल्या जास्त मागणारी साडी स्वस्त म्हणता येत नाही. माझी जांभळी साडी त्या अर्थानेही महाग पडली. ही हिरवी आता इतर सुती कपड्यांसोबत धुतली जाते.

वापराचा अनुभव असा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो आणि आमच्या शाळेतले वर्ग पत्र्याचे आहेत. सिंथेटिक साडी दुपारी बारानंतर पाठीला आणि पोटऱ्यांना चिकटते, चालताना निऱ्या पायांत गोळा होतात. इरकलीचे सुती अंग घाम टिपते आणि पंख्याखाली पाच मिनिटे बसले की वाळते. सुरुवातीला साडी खळीमुळे कडक होती आणि पोटाशी फुगत होती. चार-पाच धुण्यांनंतर ती मऊ पडली आणि तेव्हापासून अंगावर जशी बसते तशी दुसरी कोणतीही बसत नाही. पदराचे रेशीम वजनाला पुरेसे आहे, त्यामुळे फळ्यावर लिहिताना हात वर केला तरी पदर खांद्यावरून घसरत नाही. सहा तासांच्या वर्गात मी पिन एकच लावते. पूर्वी तीन लावत असे.

इस्त्री मात्र लागते. सुती अंग चुरगळते, आणि स्कूटरवरून पंधरा मिनिटांचा प्रवास केला की मागच्या बाजूला घड्या उमटतात. दुपारनंतर निऱ्यांची धारही उरत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मी तांदळाच्या पेजेची पातळ खळ करून साडीच्या अंगाला लावते, पदराला लावत नाही. त्याने निऱ्या दिवसभर टिकतात, परंतु पेज वस्त्रगाळ करून घ्यावी, नाहीतर गडद रंगावर पांढरे कण दिसतात. ज्या बाईला सकाळी इस्त्रीला दहा मिनिटे काढता येत नाहीत, तिने रोजच्यासाठी ही साडी घेऊ नये, असे मी प्रामाणिकपणे सांगेन.

दुसरी उणीव टोपाचीच आहे. अंग आणि पदर यांचा जोड हे जसे इरकलीचे वैभव, तशीच तिची नाजूक जागाही तीच. सातव्या महिन्यात माझ्या घड्याळाच्या पट्ट्याची कड त्या रेघेत अडकली आणि एक धागा बोटभर ओढला गेला. तो कापू नये. कापला तर शेजारचे फासे सुटत जातात. रफू करणाऱ्याकडे नेले तर त्याने तो सुईने उलट्या बाजूला ओढून ८० रुपयांत बसवून दिला. आता जागा शोधूनही सापडत नाही. काचेच्या बांगड्यांचा त्रास झाला नाही, पण खड्यांच्या बांगड्या आणि अणकुचीदार नक्षीच्या पाटल्या या साडीवर मी घालत नाही.

ही साडी आणि माझी जुनी आर्ट सिल्कची साडी यांतला एक फरक मुद्दाम नोंदवते, कारण त्यामुळे धुण्याची रीत बदलते. बाजारात आर्ट सिल्क या नावाने बहुधा व्हिस्कोस मिळते. ते लाकडाच्या लगद्यापासून करतात आणि ते ओले असताना त्याची ताकद निम्म्याच्या आसपास घटते. अशी साडी पिळली की धागा कमजोर होतो. म्हणून ती पिळू नये, नुसती दाबून पाणी काढावे आणि घडी करूनच दोरीवर टाकावी. धागा जाळून पाहण्याची परीक्षा येथे अपुरी पडते, हेही लक्षात ठेवावे. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो आणि रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, हे खरे. परंतु सूत आणि व्हिस्कोस हे दोन्ही कागदासारखे जळतात आणि त्यांची राखही मऊ असते. अंग सुती की आर्ट सिल्कचे, हे जाळून कळत नाही. ते पोतावरून, चमकेवरून आणि बिलावरच्या शब्दांवरूनच ठरवावे लागते.

ब्लाउजसाठी मी त्याच दुकानातून खण घेतला. इरकल आणि खण ही जोडी जुनी आहे. खणाचे जुने गाव म्हणजे गुळेदगुड्ड, तेही बागलकोट जिल्ह्यातच. ओटीला नारळासोबत घालतात तो हाच. पूर्वीचा खण लहान पन्ह्याचा असे आणि त्यात चोळी बेतानेच बसे. आता तो मोठ्या पन्ह्यात मीटरवर मिळतो, आणि त्यातला पुष्कळसा पॉलिएस्टरचा असतो. त्याचा ब्लाउज उन्हाळ्यात अंगाला टोचतो. मी घेतला तो सुती-रेशमी, मोतिया रंगाचा, २६० रुपयांचा. खणाचे कापड तिरके ओढले की फसकते, म्हणून शिंप्याला अस्तर लावायला आणि शिवणीत एक बोट जास्त कापड ठेवायला सांगावे. माझ्या शिंप्याने पहिल्या ब्लाउजला ते ठेवले नाही आणि काखेतली शिवण दुसऱ्याच महिन्यात उसवली. त्याने ती विनामूल्य दुरुस्त करून दिली. पण साडी टिकते आणि ब्लाउज टिकत नाही, याचे कारण बहुतेक वेळा शिवणीतच असते.

या साडीवर दागिने फारसे शोभत नाहीत. लाल पदर आणि हिरवे अंग यांतच इतका रंग असतो की मी कानांत साधे मोती, हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या एवढ्यावर थांबते. बांगड्यांचे माप घेताना कासाराला दोन-चार, दोन-सहा असे सांगतात. त्यातला दुसरा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो, म्हणून दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच आणि दोन-आठ म्हणजे अडीच. ऑनलाइन बांगड्या मागवताना हे उपयोगी पडते. टिकलीच्या बाबतीत मात्र माझे ऐकाच. रस्त्यावरच्या पाकिटांतल्या काही टिकल्यांच्या चिकटद्रव्यात असे रसायन असते की त्याने त्वचेचा रंग जाऊन कपाळावर कायमचा पांढरा डाग पडू शकतो. टिकलीखाली खाज सुटली, लाली आली, तर ती त्याच दिवशी बंद करावी. माझ्या मावशीच्या कपाळावर असा डाग आहे, म्हणून मी या साडीवर कुंकूच लावते.

चौदा महिन्यांनंतर साडीची आजची स्थिती : अंगाचा हिरवा रंग किंचित उतरला आहे, पण सगळीकडे सारखा उतरला आहे, त्यामुळे जुनाट दिसत नाही. पदर पहिल्या दिवसाइतकाच तांबडा आहे. काठाच्या खालच्या कडेला, चपलेला घासून, दोन ठिकाणी धागे विसविशीत झाले आहेत. फॉल नसता तर तेथे फाटले असते. टोपाची रेघ शाबूत आहे.

पुढच्या संक्रांतीसाठी आईला काळी चंद्रकळा हवी आहे, नऊवारी, टोपपदराची. मागच्या आठवड्यात मी त्या काकांना विचारून आले. नऊवारी ते आता सांगितल्याशिवाय मागवत नाहीत. विणकराला निरोप धाडू, दिवाळीनंतर येईल, साडेचार हजारांच्या आसपास पडेल, असे त्यांनी सांगितले आणि आगाऊ रक्कम म्हणून पाचशे रुपये मागितले. घरी येऊन आईला हे सांगितले, तर तिने किमतीबद्दल काहीच विचारले नाही. “पाचशे देऊन ठिव,” ती म्हणाली, “बाकीचे मी पदर उलटा करून बगितल्यावर.”